वय वाटनारे गुरुजी

आमच्या घरमालक गुरुजीले कोनी नवं मानूस भेटलं का ते नाव नाई विचारत, गाव नाई विचारत, पयले वय विचारत. समोरच्यानं सांगतलं का मंग डोये बारीक करून त्याले वरून खालवर पाहात अन् म्हनत, "वाटत नाही." बस, एवढंच. दूधवाला असो, मीटर पाहाले आलेला लाईनमन असो, वरगनी मांगाले आलेले पोट्टे असो, साऱ्यायले एकच, "वाटत नाही." मानूस बिचारा आला तवा चांगला असे, जातानी सोतावरच शक घेऊन जाये.

आमी तवा अमरावतीले त्यायच्या घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहात होतो. माहा नवरा टायर पंक्चरच्या दुकानात कामाले होता. खोली भेटली ती ओळखीवर, कारन का दर्यापूरकडं आमच्या गावच्या शाळेत हेच गुरुजी हेडमास्तर होते, अन् माह्या नवऱ्याले त्यायनंच शाळेत घेतलं होतं. नवरा मोठ्या तोऱ्यात सांगे, "माहा जन्म गुरुजीनं लिहिला." जसं काही सासूबाई तठी नुसत्या पाहाले उभ्या होत्या.

पन ते खरंच होतं. तवा खेड्यात जन्माचे दाखले कोनाजोळ होते? बाई वावरात गेली अन् लेकरू घेऊन आली, संपलं. मंग लेकरू शाळेत आनलं का गुरुजी त्याचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडाले लावत. कान हाती लागला का सहा वर्सं पुरे, बस पयलीत. नाई लागला त जा घरी, पुढच्या साली ये. अन् जन्मतारीख सदा एकच, एक जुलै. आमच्या भागातले अर्धे लोक एक जुलैले जन्मले. माहा नवरा, त्याचा भाऊ, चुलतभाऊ, सारे एक जुलै. मी लग्न होऊन आली तवा मले वाटलं का या घरात पावसायातच लेकरं होतात.

दर एक जुलैले गुरुजीच्या आंगनात मेळा भरे. जुने विद्यार्थी येत, चाळिशीपासून साठीपर्यंतचे बाप्पे. दोन जातीचे येत, एक हार घेऊन अन् एक शिव्या घेऊन. एक एसटीचा कंडक्टर होता, तो दरसाली येऊन भांडे.

"गुरुजी, तुमी मले दोन वर्सं अगोदर रिटायर करून घरी बसवलं! माहा लंगोटीयार अजून डबलड्युटी मारून राहिला!"

गुरुजी सुपारी कातरत म्हनत, "तुझा हात लांब होता. मी काय करू?"

अन् दुसरा एक बुढा पेढे घेऊन ये. त्याची पाठ वाकली, दात गेले, तरी पंचायत समितीत शिपाई. त्याचा हात लहानपनी आखूड होता म्हनून नोकरी लांबली. एका घरचे जुळे भाऊ होते, त्यायच्यात गुरुजीनं एक वर्साचं अंतर टाकलं. दाखल्याच्या दिवशी एकाच्या बगलेत गळू होतं, त्याले हात उचलता आला नाई, म्हनून तो वर्सभर लहान. त्यायची माय रडली, म्हने, "गुरुजी, एकाच पोटातून एकाच घटकेले निंगाले हो!" गुरुजीनं तिले सांगतलं, "बाई, पोटातलं तुमचं, पटातलं माझं."

काकू म्हंजे गुरुजीच्या घरच्या, त्या मात्र कोनाले भेत नसत. मले धुनं धुतानी सांगत, "तुले सांगू? मी ह्यायच्याहून मोठी हाओ. माहेरी साऱ्यायले मालूम हाये. पन लग्न झालं अन् ह्यायनं मले कागदावर आठ वर्सानं लहान करून टाकलं. मले काय, बरंच हाये." अन् आतून गुरुजी खाकरत. मंग काकू आवाज चढवून म्हनत, "हाव हाव, लहान हाओ मी, कान पकडू का?"

वयाचं येड त्यायले मानसापुरतंच नोतं. नवा सदरा आनला का वर्सभर कपाटात. कावून? त मुरू द्या. बाजारात पपई घेतली का भाजीवालीले विचारत, "किती दिवसांची?" ती म्हने, "मी काय हिचं बायंतपन करून आली का बावा?" नव्या डायरीत ते तीन महिने काई लिहत नसत, कागद कच्चा असते म्हनून. अन् कोनी काई करतो म्हटलं, नवं दुकान टाकतो, पोराले मोटरसायकल घेऊन देतो, पोरीचं लग्न करतो, का गुरुजीचं ठरलेलं, "वय भरू द्या." अर्धे लोक याच्यावर हसत, अर्धे ऐकत. आमी ऐकनाऱ्यातले होतो. मी सातवी नापास, नवरा दहावीले दोनदा बसला. शिकलेलं मानूस आमच्या पाह्यन्यात ते एकच होतं.

आता माह्या गुड्डीचं सांगते. गुड्डी झाली तान्ह्या पोयाच्या दिवशी. बाहेर पोट्टे लाकडाचे बैल घेऊन बोजाऱ्याचे पैसे मांगत फिरून राहिले होते अन् आत दवाखान्यात माही गुड्डी रडतच नोती. नर्सनं पाठीवर मारलं, पाय धरून उलटी केली, तवा कुठं रडली, तेही मांजरीवानी. मंग सहा महिने झाले, वरीस झालं, तिची मान काही ठरे ना. मुठी गच्च आवळलेल्या, अंगठा आत. पाय कैचीवानी एकात एक. उचलली का कडक होऊन जाये, मांडीवर घेतली का घसरे. मले रातदिस एकच भेव, मी मेली त हिले कोन उचलन.

अंगनवाडीच्या ताईनं सांगतलं, "अवं, हिले मोठ्या दवाखान्यात ने. बुधवारी बोर्ड बसते, डाक्टर तपासतात, अपंगाचं सर्टिफिकेट देतात. मंग महिन्याची मदत भेटते, व्यायाम शिकवतात. लवकर ने हो. लेकरू लहान हाये तवरच आंग वळते, मंग नाई वळत."

 सर्टिफिकेट म्हटलं का मले वाटे पोरीच्या कपायावर शिक्काच मारतात. सासूबाई म्हने, "एकदा सरकारात नाव लागलं का पुसल्या जात नाई." अन् नवरा म्हने, "गुरुजीले विचारू."

गुरुजी आंगनात बाजेवर बसले होते. गुड्डीले पाहून पयला सवाल, "वय?"

म्या म्हटलं, "दीड वरीस झालं, गुरुजी."

"वाटत नाही."

मले हसू का रडू. दीड वर्साचं लेकरू, त्याच्यावर बी शक.

मंग म्या सारं सांगतलं, ताई काय म्हनली, बुधवार, बोर्ड. गुरुजीनं डोये मिटून ऐकलं अन् एकदम हात वर केला, शाळेत गोंगाट बंद कराले करत असतीन तसा.

"सूनबाई, घाई करू नका. सरकारच्या प्रत्येक गोष्टीला वय असतं. शाळेला सहा, मताला अठरा, पेन्शनला अठ्ठावन्न. अपंग आहे की नाही हे दीड वर्षाच्या लेकरात ठरतं का? उद्या उठून चालायला लागलं तर? सर्टिफिकेट काय वापस कराल? सहा वर्षं होऊ द्या. त्याच्या आधी गेलात तर हाकलून देतील, अन् एकदा हाकललं की नाव काळ्या यादीत."

काळी यादी ऐकली अन् म्या गुड्डीले मांडीवर घट्ट धरली. म्या विचारलं, "अन् सहा झाले हे त्यायले कसं समजन?"

तवा गुरुजी उठले. माह्या मांडीवरच्या गुड्डीचा उजवा हात धरला अन् डोक्यावरून डाव्या कानाकडं न्याले लागले. गुड्डीची मूठ छातीजोळच घट्ट. त्यायनं जोर लावला, हात कपायापर्यंत आला अन् गुड्डी अशी किंचायली का काकू चुलीपासून पयत आल्या. "सोडा तिले! लेकराची पयलीची भरती करून राहिले का तुमी?"

गुरुजीनं हात सोडला अन् निकाल देला, "बघा. कान लागत नाही. वय नाही."

आता कोनी शहानं असतं त तठीच उठून दवाखान्यात गेलं असतं. आमी घरी आलो अन् नवऱ्यानं मले सांगतलं, "कान लागला पायजे." अन् मी, दुसऱ्या दिवसापासून, पोरीले तेल लावून तिचा हात कानापर्यंत न्याले लागली. रोज आंघोयीच्या आधी. हलक्या हातानं, गानं म्हनत, हातात खुळखुळा देऊन. शेजारची म्हने, "काय करून राहिली वं?" म्या म्हटलं, "वय भरून राहिली." ती फिदीफिदी हसली. मले हसाची बी हिंमत नोती. मले वाटे कान लागला का डाक्टर आपल्याले आत घेतीन. कोनत्या दवाखान्यात असं दार असते का जे कान पकडल्यावर उघडते? पन मले कोन सांगनार? अंगनवाडीची ताई रस्त्यात दिसली का मी गल्ली बदलो, ती रागावन म्हनून.

असा उन्हाया गेला, पोया येऊन गेला, हिवाया गेला. गुड्डी अडीचावर गेली. कान काही लागे ना, अन् पाय दिवसेंदिवस जास्तच कडक. एक दिवस मी हौदाजोळ बसून रडून राहिली होती, ते गुरुजीनं पाह्यलं. मानूस वाईट नोता, हे मले सांगाच लागन. त्यायचा चेहरा पडला. खाली आले, काठी टेकून उभे राह्यले, अन् म्हनले, "रडू नका, सूनबाई. आपण तिचं वय भरू."

मले वाटलं काही पूजा-बिजा सांगतात.

दुसऱ्या दिवशी ते आमाले कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेले, जठी असे अर्ज भरून देतात. दुकानवाल्यानं विचारलं, "जन्मतारीख?" म्या तोंड उघडलं का तान्हा पोया, त गुरुजीनं मले हातानं थांबवलं अन् त्याले म्हनले, "लिही. एक जुलै." अन् साल असं सांगतलं का गुड्डी बसल्या जागी सहा वर्साची झाली. त्या साली त माहं लग्न बी झालं नोतं. नवऱ्यानं मान हलवली. गुरुजी बाहेर आले अन् उसाचा रस पाजला आमाले, "झाली मोठी तुमची पोरगी." जन्माचा दाखला घरीच ठेवा म्हने, उगाच गोंधळ होते.

म्हंजे पाहा. सारी जिंदगी त्यायनं वय नाई म्हनून लेकरं वापस पाठवली, अन् एकदाच दया आली, त माह्या पोरीले चार वर्सं उधारीवर देऊन टाकली.

बुधवारी आमी गेलो. गुरुजी बी आले, टोपी घालून, इस्त्रीचा सदरा, तो मुरलेला. बोर्डाच्या खोलीबाहेर लायनीत काही बुढे, काही कुबड्यावाले, अन् मले पयल्यांदा दिसलं ते म्हंजे मायांच्या कडेवर लहान लहान लेकरं. माह्या गुड्डीहून बी लहान. म्या गुरुजीले दाखवलं, "ते पाहा, केवढंसं हाये." गुरुजी म्हनले, "हाकलतील त्यांना. बघत राहा."

ते लेकरू आत गेलं. बाहेर आलं. कोनी हाकललं नाई. दुसरं गेलं. त्याले बी नाई. गुरुजी भिंतीवरचे पोस्टर वाचाले लागले.

आमचा नंबर आला. मॅडम डाक्टर होत्या, तरन्याच. कॉम्प्युटरवर पाह्यलं, गुड्डीकडं पाह्यलं, पुन्हा कॉम्प्युटरवर पाह्यलं.

"ही सहा वर्षांची आहे?"

 मॅडमनं गुड्डीच्या तोंडात बोट घालून दात पाह्यले, डोक्याले टेप लावला. "ही तीनचीसुद्धा नाही. सहा वर्षांची म्हणून तपासली तर माझे सगळे आकडे चुकतील. ही तारीख कोणी सांगितली?"

बाजूच्या टेबलावरचा बाबू लगेच वसकला, "खोटी माहिती देता? केस होते केस! बाजूले व्हा, पुढचा!"

माह्या नवऱ्यानं गुरुजीकडं पाह्यलं. म्या गुरुजीकडं पाह्यलं. आन देते, मले वाटलं आता ते हात वर करतीन, शाळेतल्यावानी, अन् सारे गप होतीन. गुरुजीनं छताच्या पंख्याकडं पाह्यलं अन् म्हनले, "पालकांनी सांगितली असेल. अशिक्षित आहेत."

माहा नवरा खाली पाहाले लागला. त्याच्या बापानं शिवी देली असती त त्यानं झेलली असती, पन हे गुरुजीनं म्हटलं होतं. बाबू गुड्डीचा नंबर खोडाले पेन उचलून राहिला होता. अन् मले काय झालं काय मालूम. मी भेदरट बाई, मी रस्ता ओलांडतानी बी दुसऱ्याचा हात धरते. म्या टेबलावर गुड्डीले ठेवली, मॅडमच्या समोर, कागदाच्या गठ्ठ्यावरच, अन् बोलत सुटली.

"मॅडम, ही सहाची नाई हो, ही तान्ह्या पोयाची हाये, करोना सरला अन् मंग जो पोया भरला त्याची, तुमच्या खालच्याच मजल्यावर झाली, रडली नोती, नर्सनं उलटी केली होती, तठी लिहून असन, पाहून घ्या. दाखला घरी हाये, ह्यायनं आनू नोको म्हटलं म्हनून नाई आनला. तारीख ह्यायनं सांगतली. म्हने सहाच्या आत तुमी हाकलून देता, काया यादीत टाकता. मी वरीसभर हिचा कान पकडून राहिली हो मॅडम. टाका मले यादीत, पन हिले पाहा."

गुरुजी म्हनले, "सूनबाई, तोल सोडू नका—"

"गुरुजी, तुमी गप बसा."

 गुरुजीले असं कोनी म्हटलं नोतं, काकू सोडून.

मॅडमनं बाबूले पेन खाली ठेवाले सांगतलं. मंग त्या माह्याशी बोलल्या, हळूच, मले समजन असं. "ताई, सहा वर्षांचा असा नियम नाहीच. असं मूल एक वर्षाचं झालं की इथे आणता येतं. पाचच्या आत असेल तर आम्ही तात्पुरतं सर्टिफिकेट देतो, पाच झाल्यावर पुन्हा तपासतो. चालायला लागलं तर आनंदच आहे, कोणी भांडायला येत नाही. आणि व्यायामाला तर सर्टिफिकेटही लागत नाही. तो पहिल्या महिन्यापासून सुरू करायचा असतो."

पयल्या महिन्यापासून. 

गुरुजीले अजून राहवे ना. म्हनले, "मॅडम, आपलं वय?"

मॅडमनं सांगतलं.

आता आन घेऊन सांगते, त्या खोलीत, तशा वक्ताले, तो मानूस म्हनला, "वाटत नाही."

पुढच्या बुधवारी दाखला घेऊन अर्ज दुरुस्त केला, गुड्डीले तिचं खरं वय वापस भेटलं अन् काही दिवसानं सर्टिफिकेट बी. व्यायाम त बोर्डाच्याच दिवशी चालू झाला. गुरुजी आमच्याशी बोलले नाई. मंग त्यायनं काकूच्या हातून निरोप धाडला का खोलीले रंग द्याचा हाये, खाली करा. काकू निरोप सांगतानी माह्या हातात लोनच्याची बरनी देऊन गेल्या अन् म्हनल्या, "रंग-बिंग काही नाई वं. तू त्यायले गप म्हटलं, त्याचा राग हाये. ते मी इतक्या वर्सात कितीदा म्हटलं, मले नाई काढलं घराबाहेर. जाय माय, चांगलंच होईन तुहं."

आता आमी अकोल्याले रायतो, नवऱ्याच्या आतेभावाचं फुलाचं दुकान हाये, तठी हे काम करतात. गुड्डी उशी लावली का बसते. मान ठरली. मूठ उघडते, डाव्या हाताची जास्त. लोक मले म्हनतात गुरुजीच्या गोष्टी सांग, त मी सांगते, नक्कल करते, सारे लोटपोट हसतात.

मांगच्या महिन्यात व्यायामाच्या जागी एक बाई आली, दर्यापूरकडचीच, नवी सून होऊन इकडं आलेल्या बहिनीकडं उतरली होती. मांडीवर पोरगं, एवढं मोठं का त्याचे पाय फरशीले टेकून राहिले. वाकत नोते, सरळ, लाकडावानी. ती मोठ्या खुशीत होती. नवं लुगडं, पोराले पावडर, काजय.

मले म्हने, "पयल्यांदाच आनलं. आता वय झालं न याचं. सहा पुरे झाले. आमच्या सासऱ्याचे एक गुरुजी हायेत अमरावतीले, त्यायनं बजावून सांगतलं होतं, सहाच्या आत नेऊ नका. एक दिवस बी अगोदर नाई आनलं म्या." एखाद्या बाईनं उपास निर्जळी पाळला अन् आता सोडाले बसली, तसं तिचं तोंड.

आतून व्यायामवाल्या ताईनं गुड्डीचं नाव पुकारलं. म्या म्हटलं, "ताई, हिले आधी घ्या."

ती उठली, पोराले बगलेत धरून ओढत आत नेलं, गादीवर निजवलं. ताईनं त्याच्या गुडघ्याखाली हात घातला अन् पाय वाकवाले गेली. पाय वाकला नाई. तिनं पुन्हा केलं, हळू. पोरगं कण्हलं.

"येळेवर आली न मी, ताई?" त्या बाईनं विचारलं.

 ताईनं दुसरा पाय हातात घेतला.